मेंदूच्या शाखांची अक्षयनिवी

कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेख ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असतील, त्यांना दात्यांच्या नावांपुढे कल्याण, सोपारा, नाशिक ही आपल्या ओळखीची गावे आढळली असतील. सातवाहन काळात कल्याण हे बंदर होते आणि तेथील व्यापारी व उपासक खाडी ओलांडून कान्हेरीच्या भिक्खुसंघाला दान देत असत. कान्हेरीच्या दात्यांपैकी काहींनी केवळ लेणे किंवा पाण्याची पोढी कोरून देण्यावर समाधान मानले नाही. त्यांनी त्याबरोबर ‘अक्षयनिवी’ ठेवली. अक्षयनिवी म्हणजे न मोडता राखायची ठेव. मूळ रकमेला अथवा जमिनीला हात न लावता तिच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराची व इतर गरजांची सोय वर्षानुवर्षे व्हावी, हा तिचा हेतू. लेणे कोरणे हे एक काम आहे आणि ते नांदते ठेवणे हे दुसरे काम आहे. पहिले एकदा करून संपते, दुसरे कधीच संपत नाही, हे त्या दात्यांना उमगले होते.

मानवी मेंदूविषयी गेल्या काही दशकांत जे ज्ञान हाती आले आहे, त्याचे सार सांगण्यास आम्हाला याहून चांगला दृष्टान्त सापडत नाही. मेंदूतील पेशींना शाखा फुटतात कशा, हा एक प्रश्न. आणि फुटलेल्या शाखा सत्तर-ऐंशी वर्षे टिकतात कशा, हा निराळा प्रश्न. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे करावयाचा आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील विहारांत चित्त आणि भावना यांविषयी चर्चा निघाली की, ‘चित्त शरीरावर अवलंबून असेल तर शरीरात नेमके काय बदलते?’ अशी पृच्छा हटकून होते. तिला उत्तर देताना अतिशयोक्ती होऊ नये आणि विज्ञानाचे जे खरे देणे आहे ते निसटूही नये, एवढाच आमचा प्रयत्न आहे.

बत्तीस अंगे आणि मेंदू

कायगतासतीच्या अभ्यासात शरीराच्या ज्या भागांचे चिंतन केले जाते, त्यांची यादी उपासकांना परिचित आहे. सतिपट्ठान सुत्तातील यादीत एकतीस भाग येतात. त्यात मेंदूचा स्वतंत्र उल्लेख नाही. खुद्दकपाठातील बत्तीस अंगांच्या यादीत मात्र ‘मत्थलुंग’ म्हणजे मेंदू आलेला आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात या फरकाचा उलगडा करताना मेंदू हा अस्थिमज्जेतच गणलेला आहे, असे स्पष्टीकरण दिले. कवटीच्या आत असलेली एक प्रकारची मज्जा, अशीच त्या काळची समजूत होती. चित्ताचा आधार म्हणून अट्ठकथाकारांनी हृदयवस्तू मानली. परंतु पट्ठानात त्या आधाराला नाव दिलेले नाही. ज्या रूपाच्या आश्रयाने मनोविज्ञान प्रवर्तित होते ते रूप, एवढेच तेथे म्हटले आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच निदर्शनास आणले आहे. तेव्हा चित्ताचा शारीरिक आधार मेंदूत आहे असे मानल्याने धम्माच्या मूळ विचाराला बाध येतो, असे आम्हाला वाटत नाही. बदलली ती आधाराच्या जागेची माहिती. ‘आधाराशिवाय, प्रत्ययाशिवाय काही उत्पन्न होत नाही’ हा सिद्धान्त बदललेला नाही.

पेशीचा वृक्ष

इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत शेकडो पेशींपैकी थोड्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापर्यंत काळ्याभोर दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती पद्धत वापरून पेशींची चित्रे काढली आणि मेंदू हे अखंड जाळे नसून सुट्या पेशींचा समुदाय आहे, असे प्रतिपादन केले. दोघांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मानवी मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, असा अलीकडचा हिशेब आहे. त्यांपैकी बहुतेक जन्मापूर्वीच तयार होतात आणि मरेपर्यंत साथ देतात. कातडीची पेशी गळून तिच्या जागी नवी येते. चेतापेशीला ही सवलत जवळजवळ नाही.

चेतापेशीचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. मध्ये पेशीकाया असते. तिच्यापासून झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाणाऱ्या शाखांना वृक्षिका म्हणतात. त्यांच्यामार्फत संदेश आत येतात. एक लांब धागा बाहेर जातो, त्याला अक्षतंतू म्हणतात. त्यातून संदेश पुढे जातो. कल्याण जंक्शनचा नकाशा डोळ्यांसमोर आणल्यास हे सहज समजेल. सकाळच्या वेळी कसाऱ्याकडून एक आणि कर्जतकडून दुसरा, असे दोन प्रवाह वाटेतील लहानमोठ्या स्थानकांवरील माणसे गोळा करीत कल्याणला एकत्र येतात आणि तेथून डोंबिवली-ठाण्यामार्गे मुंबईकडे वाहतात. कसारा व कर्जत या वृक्षिका, कल्याण ही पेशीकाया आणि मुंबईचा मार्ग हा अक्षतंतू. फरक एवढाच की एका चेतापेशीला अशा दोन नव्हे तर कित्येक शाखा-उपशाखा असतात आणि त्यांवर संदेश उतरण्याची हजारो स्थानके असतात.

या स्थानकांना सिनॅप्स, म्हणजे संधिस्थान म्हणतात. वृक्षिकांवर काट्यांसारखे बारीक उंचवटे असतात. काहाल यांनीच १८८८ साली त्यांचे वर्णन केले. आपण त्यांना कंटिका म्हणू. एका कंटिकेची लांबी साधारणतः दोन मायक्रॉनच्या आत असते. दुसऱ्या पेशीचा अक्षतंतू येथे येऊन टेकतो, पण चिकटून एक होत नाही. मध्ये अतिसूक्ष्म फट राहते आणि ती रासायनिक द्रव्याने ओलांडली जाते. शिकणे, आठवणे, सवय जडणे या साऱ्यांचा या संधिस्थानांच्या बळकट वा दुबळ्या होण्याशी निकटचा संबंध आहे.

रूळ, वासे आणि कडी

हा सारा डोलारा कशावर उभा आहे? प्रथिनांवर. चेतापेशीच्या आत प्रथिनांचा सांगाडा असतो आणि त्याचे दोन मुख्य घटक आहेत. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण जुळून पोकळ नळ्या होतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. त्यांचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो आणि त्या शाखांच्या आतून रुळांप्रमाणे धावतात. दुसरे प्रथिन ॲक्टिन. त्याचे धागे सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे असतात आणि ते शाखांच्या टोकांशी व कंटिकांमध्ये दाट असतात. सूक्ष्मनलिका जागच्या जागी राहाव्यात म्हणून त्यांना आवळून धरणारी आणखी प्रथिने आहेत. वृक्षिकांमध्ये मुख्यत्वे ‘मॅप-२’ आणि अक्षतंतूंमध्ये मुख्यत्वे ‘टाऊ’ हे काम करते.

२०१३ साली अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणाच्या तंत्राने अक्षतंतूच्या सालीखाली आणखी एक रचना दिसून आली. ॲक्टिनची कडी एकामागून एक सुमारे १९० नॅनोमीटर अंतरावर बसविलेली असतात आणि त्यांना स्पेक्ट्रिन नावाचे लवचीक प्रथिन जोडून ठेवते. पिंपाला जशा पट्ट्या, तशी ही कडी. आपण मान वळवितो, गुडघा वाकवितो, तेव्हा आतील चेतातंतू ताणले जातात. ते तुटत का नाहीत? पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अर्णव घोष आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील प्रमोद पुल्लारकट यांच्या गटांनी या प्रश्नावर मिळून काम केले. त्यांनी पेशीतील अक्षतंतू काचेच्या बारीक तंतूने हलकेच ताणून त्याचा प्रतिकार मोजला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ताण आला की स्पेक्ट्रिनच्या रेणूतील घड्या उलगडतात, ताण गेला की पुन्हा पडतात. अशा रीतीने तो धक्का सोसला जातो. जे ताठ राहते ते नव्हे, तर जे उलगडून पुन्हा घडी घालू शकते ते टिकते, हे येथे स्पष्ट दिसते.

शाखा फुटते तेव्हा

नवी शाखा फुटणे हेही प्रथिनांचेच काम आहे. अक्षतंतूच्या सालीखाली एखाद्या ठिकाणी ॲक्टिनचा छोटा पुंजका जमतो. तो टिकला तर तेथून बोटासारखा बारीक कोंभ बाहेर येतो, आणि कोंभात सूक्ष्मनलिका शिरली तर त्याची शाखा होते. बहुसंख्य कोंभ मात्र मावळतात. पुण्यातील घोष यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशींवर झालेल्या कामातून ‘फॉर्मिन-२’ या प्रथिनाची भूमिका पुढे आली. २०१६ साली या गटाने दाखविले की वाढत्या अक्षतंतूच्या टोकावरील कोंभांना पृष्ठभागावर पाय रोवता यावा यासाठी फॉर्मिन-२ आवश्यक आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात, अक्षतंतूला बाजूची शाखा फुटण्याच्या आरंभी हेच प्रथिन ॲक्टिनच्या पुंजक्यांना आधार देते आणि ॲक्टिन मोडणारे दुसरे एक प्रथिन त्याच्या विरुद्ध काम करते, असे दिसले. रचणारा आणि मोडणारा यांच्या समतोलातून शाखा निघते. ज्या व्यक्तींमध्ये फॉर्मिन-२ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांच्यात बौद्धिक विकास खुंटलेला आढळतो, हे २०१४ साली नोंदविले गेले आहे. त्यावरून या सूक्ष्म कोंभाचे माणसाच्या आयुष्यातील मोल कळावे.

टिकणे हे वेगळे कर्म

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकदा झालेली शाखा आपोआप टिकते, अशी समजूत पूर्वी होती. ती खरी नाही, हे सिद्ध करणारे प्रयोग उंदरांवर झाले. अमेरिकेतील येल विद्यापीठात अँथनी कोलेस्के यांच्या गटाने ‘आर्ग’ नावाच्या विकराचा अभ्यास केला. हे प्रथिन ज्यांच्यात नाही अशा उंदरांच्या मेंदूतील वृक्षिका तिसऱ्या आठवड्यापर्यंत इतर उंदरांसारख्याच वाढतात. पुढे मात्र त्या आखडू लागतात आणि सहाव्या आठवड्यापर्यंत फरक उघड होतो. म्हणजे आर्ग हे शाखा निर्माण करणारे प्रथिन नव्हे. ते शाखा राखणारे प्रथिन आहे.

ते काम कसे चालते, हे पायरीपायरीने पाहावे. पेशीच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात. ती बाहेरच्या आधारद्रव्याला धरून ठेवतात. पकड पक्की आहे असे कळले की इंटेग्रिन आतील आर्गला जागे करते. आर्ग दुसऱ्या एका प्रथिनामार्फत ‘ऱ्हो’ या प्रथिनाला आवर घालते. ऱ्हो मोकाट सुटले तर ते ॲक्टिनच्या सांगाड्याला आकुंचित करते आणि शाखा मागे ओढली जाते. ऱ्होला लगाम असेपर्यंत शाखा जागेवर राहते. कंटिकांचे स्थैर्य आर्ग आणखी एका मार्गाने, ॲक्टिनच्या धाग्यांना आधार देणाऱ्या कॉर्टॅक्टिन या प्रथिनाच्या साहाय्याने राखते. बाहेरची पकड, आतील निरोप आणि मोडतोडीला आवर, ही साखळी क्षणोक्षणी चालू असावी लागते. ‘हे असताना ते असते, हे नसताना ते नसते’ या प्रकारचा संबंध येथे एखाद्या सूत्राच्या भाष्यासारखा उलगडतो.

राखण करणारे आर्ग एकटे नाही. चेतापेशींना पोसणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. ज्या उंदरांच्या पुढील मेंदूत ते तयार होऊ दिले नाही, त्यांच्याही वृक्षिका आधी नीट वाढल्या आणि नंतर आखडल्या, असे २००३ साली दिसून आले. संधिस्थानात समोरासमोरच्या दोन पेशींना जोडून ठेवण्यास न्यूरेक्सिन व न्यूरोलिगिन ही प्रथिनांची जोडी आहे. दोन पेशी एकमेकींना धरतात, एकमेकींना पोसतात आणि त्यामुळे दोघी टिकतात. एकटी चेतापेशी स्वतःच्या बळावर आपला विस्तार राखू शकत नाही.

माल पोहोचला पाहिजे

शाखा राखायची तर दुरुस्तीचे सामान टोकापर्यंत पोहोचले पाहिजे. काही प्रथिने शाखांमध्येच तयार होतात, परंतु बरीचशी पेशीकायेत तयार होऊन सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून वाहून नेली जातात. कायनेसिन नावाची प्रथिने हमालासारखी ओझे घेऊन आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकीत जातात. या वाहतुकीचा अभ्यास मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिक यांच्या प्रयोगशाळेने जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक अशा एका कृमीवर केला आहे. कृमी जिवंत असतानाच त्याच्या चेतापेशीतील मालाची ये-जा सूक्ष्मदर्शकातून पाहता येते. २०१८ साली या गटाने दाखविले की अक्षतंतूत जेथे ॲक्टिन दाट असते तेथे मालाची कोंडी होते. थांबलेल्या मालामागे माल थांबतो आणि पुढे कोंडी सुटते. शिळफाट्याला किंवा कल्याणच्या पत्रीपुलावर अडकलेल्या वाचकांस याचे अधिक स्पष्टीकरण नको! या गटाचे आणखी एक निरीक्षण असे की माल न उचलू शकणारा कायनेसिन पेशीत तसाच ठेवला जात नाही. तो मोडीत काढला जातो. याच कायनेसिनचे मानवी भावंड बिघडल्यास लहान मुलांमध्ये गंभीर चेताविकार होतात.

वाहतुकीला आणि दुरुस्तीला ऊर्जा लागते. ती पेशीतील तंतुकणिकांतून मिळते. त्याच संस्थेतील विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, सेरोटोनिन हे द्रव्य उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतील चेतापेशींमध्ये तंतुकणिकांची संख्या व कार्य वाढविते आणि ताणात तगून राहण्यास पेशींना मदत करते, असे आढळले. मनाच्या स्थितीशी जोडले गेलेले द्रव्य म्हणून सेरोटोनिनची ख्याती आहे. ते पेशीच्या शिधासामग्रीचीही व्यवस्था पाहते, ही भर महत्त्वाची आहे. वैद्य यांना २०२२ सालचे जीवविज्ञानाचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

बदलणाऱ्यातून राहणारे

आतापर्यंतच्या वर्णनावरून एखाद्याला वाटेल की ही सारी प्रथिने एकदा बसविली की वर्षानुवर्षे तीच राहतात. वस्तुस्थिती उलट आहे. मेंदूतील बहुतेक प्रथिनांचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे असते. कंटिकेतील बहुतांश ॲक्टिन तर एखाद्या मिनिटाच्या अवधीत जुने जाऊन नवे येते. मग चाळीस वर्षांपूर्वीची आठवण कोठे राहते? शाळेच्या पहिल्या दिवशी आईने धरलेला हात आज आठवतो, तेव्हा त्या दिवशीचा जवळजवळ एकही प्रथिनरेणू शिल्लक नसतो.

हा प्रश्न फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली नेमकेपणाने मांडला. त्यांनी सुचविलेला मार्ग असा: रेणू जोडीने वा गटाने राहतात, त्यांवर एक रासायनिक खूण असते, गटातील एक रेणू जुना होऊन गेला आणि त्याच्या जागी कोरा रेणू आला, तर शेजारचा खूण असलेला रेणू त्या नव्यावर तीच खूण उमटवितो. सगळे एकदम बदलत नाहीत, म्हणून सगळे बदलूनही खूण राहते. पुढे ज्या प्रथिनाकडे या दृष्टीने विशेष पाहिले गेले ते ‘कॅमके-२’ होय. त्याचे बारा उपघटक एका चक्रात बसलेले असतात आणि ते एकमेकांवर खूण उमटवू शकतात. जागे झालेले चक्र आपले घटक दुसऱ्या चक्राशी अदलाबदल करते, हे २०१४ साली परीक्षानळीतील प्रयोगात दिसले. स्मृती अशाच रीतीने टिकते हे अद्याप सिद्ध झालेले नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. हा प्रश्न नेमका कसा सुटतो, याविषयी अजून एकमत नाही.

आपल्या परिसरातील रेल्वेमार्ग हेच सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १८५४ साली मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या वेळच्या रुळाचा तुकडा, स्लीपर वा खडी आज त्या मार्गावर सापडणार नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन फिरलेल्या गँगमनांच्या पिढ्यांनी आणि दर रविवारच्या मेगाब्लॉकांनी सारे काही तुकड्यातुकड्याने बदलले. तरी मार्ग तोच आहे असे आपण म्हणतो, आणि ते चूक नाही. मिलिंदपञ्हात भदन्त नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे आणि अगदी वेगळीही नव्हे, असा त्याचा आशय. अनित्यता म्हणजे विनाश, असा एकांगी अर्थ करणाऱ्यांनी या दृष्टान्ताकडे पुन्हा पाहावे. अनित्यतेमुळेच दुरुस्ती शक्य होते. न बदलणारी वस्तू मोडली की कायमची मोडते.

भयाची शाखा

येथवर वाचून ‘अधिक शाखा म्हणजे अधिक चांगले’ असा समज होण्याची शक्यता आहे. तो दूर करणारा प्रयोग भारतातच झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दररोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस हालचाल करता येणार नाही असे अडकवून ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील वृक्षिका आखडल्या. परंतु भयाशी संबंधित अमिग्डला या भागातील वृक्षिकांना अधिक फाटे फुटले. त्यानंतर २१ दिवस त्या प्राण्यांना निर्धास्त ठेवले. हिप्पोकॅम्पसच्या वृक्षिका पूर्ववत होतात, पण अमिग्डलातील वाढ आणि प्राण्याची भयग्रस्तता तशीच राहिली, असे २००४ साली नोंदविले गेले. ताण संपला तरी भयाची शाखा उरली.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. तथापि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भय, अपमान आणि अनिश्चितता सोसली, त्या समाजाने या प्रयोगाकडे उदासीनपणे पाहू नये. ‘झाले गेले विसरून जा’ हा सल्ला देणे सोपे आहे. ज्याच्या अंगावर भयाचे दिवस गेले त्याच्या शरीराने तो ऐकलेला नसतो. भय दूर करणे हे केवळ उपदेशाचे काम नव्हे. ज्या परिस्थितीतून भय उपजते ती परिस्थिती बदलण्याचे ते काम आहे. दुःखाच्या कारणाकडे बोट दाखविणाऱ्या धम्माला हे नवे नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की तो करताना कोणाला संकोच वाटत नाही. आम्हाला तो थांबवावासा वाटतो. अलॉईस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात टाऊ प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून सुटून गुंता करून बसते आणि संधिस्थाने नाहीशी होत जातात. रुग्णाच्या विस्मृतीचा सर्वांत जवळचा संबंध या संधिस्थानांच्या ऱ्हासाशी आहे, असे १९९१ साली दाखविले गेले. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने तोच प्रश्न दहा वेळा विचारला, नातवाचे नाव चुकविले, घरचा रस्ता ती विसरली, तर तो तिचा हट्ट नव्हे आणि कोणत्याही पूर्वसंचिताचे फळही नव्हे. शाखा राखणारी साखळी कोठेतरी तुटली आहे. अशा व्यक्तीला रागावणे म्हणजे कोसळलेल्या पुलाला रागावणे होय. तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि आपल्या वागण्यात मैत्री व करुणा राखावी.

जन्माने ठरत नाही

शेवटी एका मुद्द्याकडे लक्ष वेधू. माणसाची बुद्धी जन्माबरोबर ठरलेली असते आणि जन्म जातीने ठरलेला असतो, या दोन असत्यांच्या जोडीवर या देशात फार मोठी व्यवस्था उभी राहिली. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी वनस्पती व पशुपक्षी यांच्यात जातिभेद दाखविणारी लक्षणे असतात, माणसांत तशी नसतात, असे प्रतिपादन केले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणाऱ्या विचाराचा आयुष्यभर प्रतिवाद केला. मेंदूच्या शाखांचा अभ्यास या वादात काय साक्ष देतो?

बर्कले येथील मार्क रोझेन्झ्वाइग, मॅरियन डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांचे दोन गट केले. काहींना सोबती, खेळणी व हिंडण्यास जागा असलेल्या पिंजऱ्यात, तर काहींना उघड्याबोडक्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले. पहिल्या गटातील उंदरांच्या मेंदूची साल अधिक जाड भरली. १९७२ साली विल्यम ग्रीनो व त्यांच्या सहकाऱ्याने अशाच तुलनेत वृक्षिकांचे फाटे मोजले. संपन्न परिसरात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत, दृष्टीशी संबंधित भागात, टोकाकडील उपशाखा अधिक आढळल्या. पुढे प्रौढ उंदरांतही परिसरानुसार बदल दिसले. जनुके मोलाची आहेत. फॉर्मिन-२ चे उदाहरण आम्ही वर दिलेच आहे. परंतु जनुके शाखांचा शेवटचा हिशेब लिहून ठेवीत नाहीत. तो परिसर, सहवास, पोषण आणि निर्भयता यांच्यासह रोज लिहिला जातो. ज्या मुलाला एकट्या पिंजऱ्यात ठेवले त्याच्या बुद्धीला नावे ठेवण्याचा अधिकार पिंजरा बांधणाऱ्याला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. विपश्यनेने मेंदूला नव्या शाखा फुटतात, असे ठामपणे सांगणारी पत्रके अधूनमधून हाती येतात. जिवंत माणसाच्या मेंदूतील एकेका वृक्षिकेची मोजणी उंदराच्या मेंदूसारखी करता येत नाही. त्यामुळे असे विधान करण्यास आज आधार नाही. धम्माला अशा टेकूची गरजही नाही. केसमुत्ति सुत्ताची शिकवण आपल्या आवडत्या निष्कर्षांनाही लागू आहे. जे तपासलेले नाही ते केवळ आपल्या बाजूचे आहे म्हणून स्वीकारणे ही श्रद्धा नव्हे.

कान्हेरीच्या दात्यांनी ठेवलेल्या अक्षयनिवी आज उरल्या नाहीत. उत्पन्न देणारी शेते गेली, ती सांभाळणारे गेले, आणि शिला कोरून केलेली लेणीदेखील ओस पडली. दगड टिकला, नांदणे टिकले नाही, कारण राखण करणारी साखळी तुटली. मेंदूतील शाखांचा, विहारांचा आणि समाजाचा नियम एकच दिसतो: जे उभारले ते रोज राखावे लागते, आणि राखण एकट्याने होत नाही. आपल्या विहारांत संध्याकाळी चालणारे बालसंस्कारवर्ग, डोंबिवली-कल्याणच्या वस्त्यांतील अभ्यासिका, आजारी शेजाऱ्याच्या दारी टाकलेली चक्कर, भेदरलेल्या मुलाशी शांतपणे बोललेले चार शब्द, ही आपल्या काळातील अक्षयनिवी आहे. तिची मूळ ठेव मोडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी.